जपानहून आलेली पुडी आणि अँटिबायोटिकची स्ट्रिप: व्हायरल तापात काय, कधी, कशासोबत

ऐरोलीत आमचं मेडिकल आहे. माइंडस्पेस आयटी पार्कमधली मुलं प्रोजेक्टवर योकोहामाला, ओसाकाला जातात आणि येताना कांपोच्या, म्हणजे जपानी वनौषधींच्या, चंदेरी पुड्या घेऊन येतात. कुणाची लेक तिकडे असते, ती आईबाबांना पाठवते. माझी नणंद टोक्योत निशी-कासाईला राहते, त्यामुळे आमच्याही कपाटात हा माल असतोच. पावसाळा लागला की काउंटरवर प्रश्न येतो: "ताई, व्हायरल झालंय. घरात अझिथ्रो पडलीय आणि ही जपानची पुडी आहे. दोन्ही सोबत घेतलं तर लवकर बरं वाटेल ना?"

लवकर बरं वाटण्यासाठी ही जोडी नाही. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, हे वाक्य सगळे ऐकतात, मान डोलावतात आणि स्ट्रिप मागतात, म्हणून जरा खोलात जाते. अमॉक्सिसिलिन जिवाणूला त्याच्या पेशीभोवतीची भिंत बांधू देत नाही. अझिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला चिकटून त्याचं प्रथिनं बनवणं बंद पाडतं. व्हायरसला ना भिंत, ना स्वतःचं रायबोसोम. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच यंत्रणेवर स्वतःच्या प्रती काढतो. गोळीला धरायला तिथे काही नसतं. कोविडच्या दिवसांत आपल्याकडे अझिथ्रो आणि डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन) किती खपली ते मी काउंटरवरून पाहिलंय. ब्रिटनमध्ये घरी उपचार घेणाऱ्या कोविड रुग्णांवर याच दोन औषधांची मोठी चाचणी झाली. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: रुग्ण लवकर बरे होत नाहीत. "मागच्या वेळी तिसऱ्या दिवशी ताप उतरला होता की!" असं म्हणणारे असतातच. तो तसाही तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरणारच होता.

तरीही दोन्ही औषधं एकाच पोटात जाण्याची वेळ येते, आणि ती दरवेळी मूर्खपणातून येत नाही. व्हायरलच्या मागून कान फुटतो, सायनस भरतो, छातीत न्यूमोनिया होतो, आणि तेव्हा डॉक्टर योग्य कारणासाठी अँटिबायोटिक देतात. पुडी मात्र पहिल्या दिवसापासून सुरू असते. जपानमध्ये तर एकाच डॉक्टरच्या एकाच चिठ्ठीवर दोन्ही असू शकतात. तिथे कांपो देणारा वैद्य वेगळा नसतो, एमबीबीएससारखं शिकलेला डॉक्टरच ते लिहून देतो. १९७६ पासून ही औषधं तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात मोठ्या प्रमाणावर आली आणि आज अशी १४८ सूत्रं विम्यात बसतात. त्यामुळे "झाडपाला आहे, काय होतंय" आणि "जपानी आहे म्हणजे भारीच असणार" हे दोन्ही विचार बाजूला ठेवा. हे औषध आहे आणि औषधासारखंच तपासून घ्यायचं आहे.

पहिला दिवस: पुडी आणि स्ट्रिप दोन्ही टेबलावर राहू द्या

आधी थर्मामीटर. "अंग गरम लागतंय" हा आकडा नव्हे. ताप, वेळ आणि सोबतची लक्षणं मोबाइलमध्ये टिपून ठेवा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

जून ते ऑक्टोबर आपल्या भागात तापाला "व्हायरल" म्हणून मोकळं होता येत नाही. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, टायफॉइड आणि फ्लू, सगळ्यांची सुरुवात कणकण आणि अंगदुखीनेच होते. यात मलेरिया, लेप्टो आणि टायफॉइड व्हायरल नाहीतच, त्यांना नेमकं औषध लागतं आणि उशीर महागात पडतो. सायन-पनवेल हायवेच्या बाजूच्या नाल्याच्या पाण्यातून चालत आला असाल, पायाला जखम असेल आणि आठ-दहा दिवसांनी ताप, पोटऱ्यांत ठणका, लाल डोळे असं झालं, तर डॉक्टरांना ते पाणी आधी सांगा. लेप्टोत डॉक्सीसायक्लिन खरोखर कामाचं असतं.

डेंग्यूसाठी एनएस-१ तपासणी पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगी. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको. आणि घाम काढणारी जपानी पुडीही तोवर नको, हा माझ्या काउंटरचा नियम. डेंग्यूत अंगातलं पाणी आधीच रक्तवाहिन्यांबाहेर झिरपायला लागलेलं असू शकतं, त्यात मुद्दाम घाम काढायला मी कुणाला सांगणार नाही. डेंग्यूचा खरा धोका ताप उतरतो त्या सुमारास असतो, हे अजूनही खूप जणांना ठाऊक नाही. ताप गेला म्हणून ऑफिसला निघालेला माणूस त्याच दिवशी कोसळू शकतो.

अँटिबायोटिक सुरू करायचं का, हे कोण ठरवणार

तुम्ही नाही आणि मीही नाही. सेफिक्झिम, सेफपोडोक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन ही शेड्यूल एच-१ मधली औषधं. ती देताना आम्हाला डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपावं लागतं. २०१४ पासून हा नियम लागू आहे. "ताई, ओळखीचे आहोत" हे त्या रजिस्टरमध्ये लिहायचा रकाना नाही. अझिथ्रोमायसिन एच-१ मध्ये नाही, पण तेही चिठ्ठीवरचंच औषध, आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्याला जपून वापरायच्या गटात टाकलेलं आहे. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सरळ सांगतात की बारीक ताप आणि व्हायरल ब्राँकायटिस यांना अँटिबायोटिक देऊ नये.

जिवाणूंचा संशय कधी घ्यायचा? बरं वाटायला लागून पुन्हा जोराचा ताप आला तर. सर्दी दहा दिवसांच्या पुढे गेली आणि गालाचं हाड, कपाळ ठणकायला लागलं तर. कान दुखून पाणी आलं, किंवा घशात पांढरे ठिपके, मानेत गाठी आणि खोकला मात्र नाही, अशा वेळी. नुसता पिवळा-हिरवा शेंबूड हा पुरावा नाही. साध्या व्हायरल सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी तो रंग येतो. लाख वेळा सांगून झालंय, पुन्हा सांगते.

घरात उरलेल्या स्ट्रिपचं काय? ती कुणाच्या तरी अर्धवट सोडलेल्या कोर्सची शिल्लक असते. तीन गोळ्यांनी तुमचा व्हायरल जाणार नाही. शिवाय कॉलेजातल्या मुलांना होणाऱ्या एका व्हायरल घसादुखीत (तिला मोनो म्हणतात) अमॉक्सिसिलिन घेतलं की अंगभर पुरळ उठतं, आणि मग जन्मभर "मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे" असा चुकीचा शिक्का बसतो.

पुडी वाचायची कशी

जपानी येत नसलं तरी चालतं. डॉक्टरने दिलेल्या पुडीवर बहुतेक वेळा मोठा आकडा असतो. त्सुमुरा कंपनीच्या पुड्यांवर तो ठळक दिसतो; इतर कंपन्यांचे आकडे बरेचसे तसेच, पण सगळे नाहीत, म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्याने नावही भाषांतर करून पाहा. आपल्याकडे येणाऱ्यांत नेहमीचे आकडे असे.

१ म्हणजे काक्कोंतो. सगळ्यात जास्त हेच येतं. कुड्झूचं मूळ (आपल्या विदारीकंदाचा सख्खा भाऊ), माओ म्हणजे इफेड्रा, दालचिनी, पिओनीचं मूळ, ज्येष्ठमध, बोराच्या जातीचं फळ आणि आलं. दिवसाच्या डोसमध्ये इफेड्रा ३ ग्रॅम आणि ज्येष्ठमध २ ग्रॅम. २७ म्हणजे माओतो, फ्लूच्या सुरुवातीला देतात. त्यात इफेड्रा ५ ग्रॅम, म्हणजे जास्त जहाल. १९ शोसेइर्यूतो, पाण्यासारखं नाक गळत असेल तर. यात इफेड्रा ३ आणि ज्येष्ठमधही ३ ग्रॅम. २९ बाकुमोन्दोतो, कोरड्या ढासेवर, यात इफेड्रा नाही. ५५ माक्योकानसेकितो, खोकला आणि दम्यावर, यात इफेड्रा आणि जिप्सम. १३८ किक्योतो, घशासाठी, ज्येष्ठमध ३ ग्रॅम. ९ शोसाइकोतो, याच्याबद्दल पुढे स्वतंत्र बोलते.

एका माणसाला कुठलं, हे तिकडचे डॉक्टर रोगाच्या नावापेक्षा अंगाच्या अवस्थेवरून ठरवतात. काक्कोंतोची अवस्था ठरलेली: आजाराची अगदी सुरुवात, हुडहुडी, मान-खांदे आखडलेले आणि अंगाला घाम नाही. घाम फुटला की त्याचं काम झालं. आपल्याकडे लोक उलटं करतात. ताप येऊन चार दिवस झाले, घामाने उशी ओली झाली, आणि मग आठवण येते की जपानची पुडी आहे. तेव्हा ती घेऊन उपयोग नाही, उलट अशक्तपणा वाढतो. जपानी पाकिटावरच लिहिलेलं असतं की अशक्त, पोट नाजूक असलेले आणि खूप घाम येणारे यांनी आधी विचारावं. आणि सर्दीच्या सुरुवातीला पाच-सहा वेळा घेऊन फरक पडला नाही तर बंद करावं. पाच-सहा वेळा म्हणजे दोन दिवस. महिनाभराचा साठा पाठवला म्हणून महिनाभर घ्यायचं नसतं. जपानमध्ये जुना विनोद आहे: एक वैद्य डोकं दुखतं म्हणणाऱ्याला काक्कोंतो देतो, पोट दुखतं म्हणणाऱ्यालाही काक्कोंतो, आणि सोबत आलेल्या माणसाला म्हणतो, "बसून कंटाळला असाल, तुम्हीही काक्कोंतो घ्या." आमच्या सोसायटीतही असे वैद्य आहेत.

गुणाचं म्हणाल तर माओतोने फ्लूचा ताप लवकर उतरतो असं दाखवणाऱ्या चाचण्या आहेत, पण त्या लहान. काक्कोंतोची तुलना सर्दीच्या नेहमीच्या संमिश्र गोळ्यांशी झाली तेव्हा ठळक फरक दिसला नाही. तेवढीच अपेक्षा ठेवा.

दुकानातून आणलेल्या पाकिटांत आणखी एक भानगड असते. काही सर्दीच्या पाकिटांत वनौषधींसोबत ॲसिटामिनोफेन घातलेलं असतं, म्हणजे आपलं पॅरासिटामॉलच. वर तुम्ही ६५० ची गोळी घेतली की डोस नकळत दुप्पट. कॅमेऱ्याने घटकांची यादी वाचल्याशिवाय पाकीट फोडू नका.

ज्यांनी इफेड्राच्या पुडीला हात लावायचा नाही

इफेड्रातून इफेड्रिन मिळतं. १८८५ मध्ये नागाइ नागायोशी या जपानी शास्त्रज्ञानेच ते वेगळं काढलं. हृदयाची गती आणि बीपी वाढवणं, झोप उडवणं, लघवी अडवणं हे त्याचे गुणधर्म. म्हणून बीपी आटोक्यात नसलेले, हृदयविकाराचे, थायरॉइड वाढलेले, काचबिंदूचे आणि प्रोस्टेटमुळे लघवीला त्रास असलेले काका यांनी १, १९, २७, ५५ डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदर बायकांनी तर नाहीच. मुलांना "अर्धी पुडी देऊन बघू" हा प्रकार अजिबात नको. स्पर्धेत उतरणारा खेळाडू घरात असेल तर त्यालाही सांगा, इफेड्रिन स्पर्धाकाळात बंदी असलेल्या औषधांत मोडतं.

इफेड्राच्या दोन पुड्या एकत्र करू नका. काक्कोंतोवर शोसेइर्यूतो म्हणजे इफेड्रा ६ ग्रॅम. त्यावर आपल्या नेहमीच्या सर्दीच्या गोळीतलं फिनाइलएफ्रिन आणि कॅफिन पडलं की रात्रभर छाती धडधडत बसते. दम्यासाठी डॉक्सोफायलिन किंवा थिओफायलिन चालू असेल तर धडधड आणखी. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन, एरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक आलं तर ते थिओफायलिनला रक्तात साचवतं. तिघं मिळून जो गोंधळ घालतात त्याचा दोष मग पुडीवर टाकता येत नाही आणि गोळीवरही.

ज्येष्ठमधाकडे कुणाचं लक्ष नसतं

माझा सगळ्यात जास्त वेळ या एका घटकावर जातो. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर घालवतं. परिणाम: पायांना सूज, बीपी वर, स्नायूंत गोळे, हातापायांत त्राण नाही. थोड्या दिवसांत थोड्या डोसला सहसा काही होत नाही. पण आपल्या घरात ज्येष्ठमध एकटं येत नाही. सकाळी पुडी, दुपारी कोविडपासून सवय लागलेला काढा आणि त्यातही ज्येष्ठमध, घसा बसला म्हणून दिवसभर तोंडात ज्येष्ठमधाची कांडी, रात्री खोकल्याचं आयुर्वेदिक सिरप, त्यातही तेच. जपानमध्ये दिवसाला अडीच ग्रॅम किंवा त्याहून जास्त ज्येष्ठमध असलेली सूत्रं पोटॅशियम कमी असलेल्यांना देत नाहीत.

माझ्या सासूबाई बीपीची "एच"वाली गोळी घेतात. टेल्मिसार्टनसारख्या नावापुढे एच असेल तर आत हायड्रोक्लोरोथायझाइड, सीटी असेल तर क्लोरथॅलिडोन. दोन्ही लघवीवाटे पोटॅशियम घालवतात. नणंदेने कितीही प्रेमाने पाठवलं तरी ज्येष्ठमधाची पुडी त्यांच्यापर्यंत मी जाऊ देत नाही. कांडीही त्यांच्या डब्यातून काढून घेतली, त्यावरून दोन दिवस अबोला होता.

आता यात अँटिबायोटिक कुठे येतं? अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही हृदयाच्या विद्युत लयीत थोडा बदल करतात. ईसीजीवर क्यूटी नावाचं अंतर लांबतं. धडधाकट माणसाला कळतही नाही. पण पोटॅशियम खाली गेलेलं असेल तर हाच बदल धोकादायक ठोक्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे वयस्कर माणूस, एच-वाली बीपीची गोळी, ज्येष्ठमधाच्या पुड्या, जुलाब होऊन गेलेले आणि वर अझिथ्रो, ही मांडणी मला अजिबात पसंत नाही. आणि अझिथ्रोचा तीन दिवसांचा कोर्स संपला म्हणजे ते अंगातून गेलं असं नाही. ते निम्मं व्हायलाच जवळपास तीन दिवस लागतात. कोर्स संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पुडी सुरू करून तुम्ही अंतर राखलं असं होत नाही.

डॉक्टरांनी खरंच अँटिबायोटिक दिलंय, तर पुडीचं काय करायचं

बहुतेक वेळा उत्तर सोपं आहे: पुडी थांबवा. अँटिबायोटिकची वेळ येते तोवर आजार चौथ्या-पाचव्या दिवसात गेलेला असतो, आणि काक्कोंतो-माओतोची वेळ तेव्हा टळलेली असते. नुसत्या कोरड्या ढासेसाठी २९ सारखं काही चालू ठेवायचं असेल, आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर वेळा अशा लावा.

कांपो रिकाम्या पोटी घेतात, जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा दोन जेवणांच्या मधे. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलानिक ॲसिड मात्र जेवणाच्या पहिल्या घासासोबत, म्हणजे पोट कमी बिघडतं. त्यामुळे त्यांची आपोआप विभागणी होते: सकाळी सातला कोमट पाण्यात पुडी, आठला पोहे किंवा मऊ भात आणि गोळी, चार-पाचला दुसरी पुडी, रात्री जेवताना दुसरी गोळी. इफेड्रा असलेली पुडी डॉक्टरांनी चालू ठेवलीच असेल तर ती संध्याकाळनंतर नको, नाहीतर रात्र टक्क जागी. तिकडे काही जण पुडी गरम पाण्यात विरघळवून घोट घोट घेतात, मलाही तेच बरं वाटतं. कोरडी पूड घशात बसते.

डॉक्सीसायक्लिन, लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन असेल तर वेगळी काळजी. ही औषधं कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह यांना चिकटतात आणि मग रक्तात शोषलीच जात नाहीत. कांपोच्या काही सूत्रांत जिप्सम किंवा शिंपल्याची पूड असते, दोन्ही कॅल्शियमच. ५५ मध्ये जिप्सम आहे. कोविडकाळात जपानमध्ये काक्कोंतोसोबत वापरलेल्या शोसाइकोतो-का-किक्यो-सेक्कोतही आहे. अशा वेळी गोळी आधी आणि पुडी किमान दोन-तीन तासांनी. दूध, अँटासिड आणि कॅल्शियमच्या गोळीलाही हेच लागू. डॉक्सी घेताना भरपूर पाणी आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेला जखम होते.

लिनेझोलिड चालू असेल तर इफेड्राची पुडी पूर्ण बंद. हे अँटिबायोटिक शरीरातल्या मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला अडवतं, आणि मग इफेड्रिन बीपी एकदम वर नेऊ शकतं. हे एरवी हॉस्पिटलातलं औषध, पण औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी ते घरी घेणारे रुग्ण आपल्या भागात आहेत. टीबीची कुठलीही औषधं चालू असताना जपानी पुडीचा विषय डॉट्स केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काढू नका.

अँटिबायोटिकमुळे पुडीचा गुणही बदलतो. ज्येष्ठमध आणि रेवंदचिनीतले घटक आतड्यातल्या जिवाणूंनी तोडल्यावरच कामाला लागतात. अँटिबायोटिकने ते जिवाणू मारले की पुडी तितकीशी लागू पडत नाही. "असर कमी वाटतोय" म्हणून डोस वाढवू नका. कोर्स संपून आतडं पूर्ववत झालं की तोच वाढवलेला डोस अंगावर येतो.

दोन्ही एकाच तासाला सुरू करायचं टाळा. पुरळ उठलं, ओठ सुजले तर दोघांपैकी कुणामुळे ते कळायला मार्ग राहत नाही. एक सुरू करा, दिवस जाऊ द्या, मग दुसऱ्याचा विचार.

शोसाइकोतो, आकडा ९

ही पुडी कुणी स्वतःच्या मनाने घेऊ नये. सर्दी रेंगाळली की देतात, म्हणून घरोघरी उरलेली असते. कावीळ-यकृताच्या रुग्णांना इंटरफेरॉन या इंजेक्शनसोबत ती दिली गेली तेव्हा फुप्फुसांचा गंभीर दाह झाल्याचं आढळलं. आधी इंटरफेरॉनसोबत बंदी आली आणि १९९६ मध्ये, मृत्यू नोंदले गेल्यावर, जपानमध्ये तातडीचा इशारा निघाला. ती घेत असताना कोरडा खोकला, दम लागणं आणि ताप सुरू झाला तर "व्हायरल वाढलंय" म्हणून अँटिबायोटिक चढवत बसायचं नाही. पुडी बंद करून छातीचा एक्स-रे.

डॉक्टरांना सांगायचं कसं

"जपानी काढा घेतोय" म्हणालात तर डॉक्टर हसतील आणि विषय संपेल. "दिवसाला ३ ग्रॅम इफेड्रा आणि २ ग्रॅम ज्येष्ठमध असलेलं औषध दोन दिवसांपासून घेतोय" असं म्हणा, ते लगेच पेन खाली ठेवून बीपी बघतील. पुडीच्या दोन्ही बाजूंचे फोटो, चालू गोळ्यांच्या स्ट्रिपचे फोटो, बस. लॅक्टोज पचत नसेल तर तेही सांगा, त्सुमुराच्या पुड्यांत लॅक्टोज असतं.

दम लागतोय, ऑक्सिजन ९४ च्या खाली, छातीत अनियमित धडधड, माणूस असंबद्ध बोलतोय, सहा-आठ तास लघवी नाही, पोटात असह्य दुखतंय, हिरड्यांतून रक्त, उलटी थांबत नाही: यातलं काहीही असेल तर मला विचारायलाही थांबू नका. १०८ ला फोन करा किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे थेट बालरोगतज्ज्ञ, मधे कुठलाच प्रयोग नाही. औषधाने त्रास झाला असेल, गोळीने असो वा पुडीने, तर १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर नोंदवता येतं.

आणि साठवणीचं: पुड्या ओट्यावर, गॅसजवळ ठेवू नका. आपल्या पावसाळी दमटपणात फोडलेल्या पुडीचा गोळा व्हायला एक रात्र पुरते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा, आणि पाकिटावरची मुदत वाचताना लक्षात घ्या की तिकडे वर्ष आधी, महिना नंतर लिहितात. दवाखान्याच्या पिशवीवर कधी रेवा सन, म्हणजे सध्याच्या जपानी सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष, असतं. त्यात २०१८ मिळवा, म्हणजे रेवा ७ हे २०२५. ते मुदतीचं नसून औषध दिल्याचं वर्ष असतं, आणि तिथे दुसऱ्या कुणाचं नाव असेल तर ती पुडी तुमची नाही.